आधी पिना बघ, मग पिस्टन

भाईंदर पूर्वेला राहून जुनी गाडी सांभाळायची, तर एक ध्यानात ठेव पोरा. वर वसईची खाडी, मिठागरांवरून येणारी खारी हवा आणि पावसाळ्यात रस्त्यावर साचणारं पाणी. इथे ब्रेक झिजण्याआधी जाम होतात. गाडी एका बाजूला ओढते, फेरी मारून आल्यावर एकाच चाकापाशी धग लागते, अ‍ॅव्हरेज उतरतं. समज, कॅलिपर अडकलाय.

सोसायटीत काम करशील तर पेव्हर ब्लॉक खचलेत तिथे जॅक लावू नकोस. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल कर, मागच्या चाकांना ओट लाव आणि गाडी घोडीवर टेकव. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात घालायचा नाही. यात मी कुणाचंच ऐकत नाही.

सगळे थेट पिस्टनला भिडतात. जुन्या झेन, वॅगन-आरला पुढे पिस्टन एकाच बाजूला असतो आणि कॅलिपर दोन पिनांवर सरकतो. पिना गंजल्या की आतला पॅड पत्र्याला लागतो, बाहेरचा जाडच राहतो. काढलेले दोन्ही पॅड शेजारी ठेवून बघ, निदान तिथेच होतं. पिना पुसून सिलिकॉन ग्रीस लाव. बॉडीला मारायचं साधं ग्रीस नको, त्याने रबर फुगतं. बूट फाटला असेल तर नवा घाल, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात परत तेच काम. कॅलिपर होजवर लोंबकळत सोडू नकोस, तारेने स्प्रिंगला बांध.

पिस्टन सी-क्लॅम्पने हळू मागे रेट. टाकीतलं ऑइल वर येतं, आधी थोडं काढून घे. रंगावर सांडलं तर रंग जातो. पिस्टन हलतच नसेल तर सील किट आण. रबरी सील पेट्रोल-रॉकेलने धुवायचं नाही. आणि पिस्टनवर सील फिरतं तिथे गंजाने खड्डे पडले असतील तर घासत बसू नकोस, बदलून टाक.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पितं. डॉट ३ चा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २०५ अंश, पाणी मुरल्यावर १४० पर्यंत उतरतो. घोडबंदरच्या उतारावर पॅडल खाली जातं ते असं. म्हणून सीलबंद बाटलीच घे, उरलेलं पुढच्या वर्षासाठी ठेवू नकोस. होज सोडला असेल तर तांब्याचे वायसर नवे टाक आणि निपलमधून हवा काढ. आईला पॅडलवर बसव: तिने दाबून धरलं की निपल सैल, घट्ट केलास की मगच पाय उचलायचा.

चाक लावल्यावर गाडी सुरू करण्याआधी पॅडल कडक होईपर्यंत मार. मग गेटच्या आतच, सावकाश, दोनदा थांबवून बघ.