क्लाऊन माशांचे घर

पापुआ न्यू गिनीच्या उथळ समुद्रात समुद्रफूल नावाचा प्राणी आढळतो. तो फुलासारखा दिसतो, पण डंख मारतो. नारिंगी क्लाऊन मासे त्याच्याच आश्रयाने राहतात. त्यांना डंखाची बाधा होत नाही.

या घरात सर्वांत मोठी मादी प्रमुख असते. तिच्या खालोखाल नर. बाकीच्या लहान माशांनी आपापल्या क्रमाने थांबायचे! प्रत्येकाला पुढच्यापेक्षा लहानच राहावे लागते. कोणी फार वाढला, तर पुढचा त्याला हाकलून देऊ शकतो. बाहेर मोठे मासे त्याला गिळतात. म्हणून तो आपली वाढच आवरतो.

मादी मेली, की नर हळूहळू मादी बनतो. लहानांतला सर्वांत मोठा मासा नर होतो. सबुरीने आधी जीव वाचतो, मग मान मिळतो.

शब्दार्थ : आश्रय – आसरा, बाधा – त्रास, सबुरी – धीर, सब्र.