मिल्कव्हेच लावायची असेल तर

शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरांतल्या आमच्या मराठी मंडळींत सध्या लॉन उखडून तिथे इथली मूळची रानफुलं लावायची टूम निघाली आहे. टूम चांगलीच आहे. इलिनॉयला ‘प्रेअरी स्टेट’ म्हणतात खरं, पण त्या गवताळ रानाचा अस्सल भाग आज टक्क्याच्या शंभराव्या हिश्शाएवढाच उरलाय. बाकी सगळा मका आणि सोयाबीन. लाइलच्या मॉर्टन आर्बोरेटममध्ये १९६२ पासून पेरून उभी केलेली शुलेनबर्ग प्रेअरी पाहून आलं, की आपल्याही अंगणात काहीतरी करावंसं वाटतं. मग यादीत कॅनडा मिल्कव्हेच येते आणि दोन महिन्यांनी मला फोन येतो, “अहो, बी फसवं निघालं, एक कोंब नाही!”

बी फसवं नसतं, टणक असतं. मिल्कव्हेच आपल्या तूर-हरभऱ्याच्या कुळातली. बी मोहरीएवढं, पण कवच असं की पाणी आत शिरतच नाही. रानात त्याचा फायदाच होतो. थोडं बी यंदा उगवतं, थोडं पुढच्या वर्षी, म्हणजे एखादा दुष्काळ पडला तरी वंश बुडत नाही. आपल्याला मात्र सगळं याच मे महिन्यात हवं असतं! त्यासाठी दोन सँडपेपरच्या मध्ये बी हलक्या हाताने घासायचं. चकाकी गेली की थांबायचं. आतला पांढरा गर दिसला तर ते बी गेलं. मग रात्रभर पाण्यात ठेवा. फुगलेलं घ्या, जसंच्या तसं राहिलेलं पुन्हा घासा. फुगलेलं बी ओलसर वाळूत कालवून दोन-तीन आठवडे फ्रिजमध्ये, आणि मग पाव इंचाहून खोल न जाऊ देता पेरणी. हा खटाटोप नको असेल तर नोव्हेंबरात जमीन गोठण्याआधी वाफ्यात टाकून मोकळे व्हा, उरलेलं काम हिवाळा करतो. पण उगवलं नाही म्हणून कुंडी उपडी करू नका. दुसऱ्या वसंतात वर आलेली रोपं माझ्याकडे आहेत.

गावाकडे हरभरा पेरताना गुळाच्या पाण्यात रायझोबियम कालवून बियांना चोळलेलं अनेकांनी पाहिलं असेल. इथेही तेच करायचं. फक्त सोयाबीनचं पाकीट याला चालत नाही. अ‍ॅस्ट्रॅगॅलसला, म्हणजे मिल्कव्हेचच्या प्रजातीला, चालणारं संवर्धन बी विकणाऱ्याकडून मागून घ्या. वरून खत नको. नत्र ती स्वतःच मिळवते, आणि खताने माजतात ती आजूबाजूची गवतं.

खरा शत्रू ससा. माझ्याकडे वीतभर वाढलेली रोपं एका रात्रीत गेली. देठ कात्रीने तिरके छाटावेत तसे कापलेले होते. हरणाने खाल्लेला देठ ओढून तोडल्यासारखा, चिंध्या निघालेला असतो. सशाचा हा असा नीटस. तेव्हा कोंब दिसायच्या आधीच कोंबड्यांची जाळी गोल करून लावा आणि खालची कड जमिनीत गाडा. पहिली दोन वर्षं ती काढायची नाही.

तण काढतानाही सांभाळा. रस्त्याकडेला माजलेली युरोपातली क्राउन व्हेच पानांनी बरीचशी अशीच दिसते. पण ती जमिनीवर लोळते आणि तिच्या गुलाबी फुलांचे गोल झुबके असतात. मिल्कव्हेच सरळ उभी वाढते, जुलैच्या सुमाराला हिरवट साईच्या रंगाचे तुरे धरते आणि त्यांवर गब्दुल भुंगमाश्या लोंबकळतात. तीन-चार फूट वाढते आणि एकटी असली तर आडवी पडते. म्हणून लिटल ब्लूस्टेम किंवा रानटी बर्गमॉटच्या दाटीत लावा. कोवळी असतानाच जागा ठरवा. मूळ खोल गेल्यावर उपटून हलवलेली ती सहसा जगत नाही.

एक गोष्ट मात्र मी आवर्जून सांगते, कारण आमच्याच ओळखीत एकाने ही मुळी उकळायला काढली होती. चिनी औषधातली हुआंग ची याच प्रजातीतली, म्हणून ही पण चालेल, असा त्यांचा हिशेब. अहो, या एका प्रजातीत दोन-तीन हजारांवर जाती आहेत! काहींच्या विषाने पश्चिमेकडच्या राज्यांत गुरं भ्रमिष्ट होतात, काही जमिनीतलं सेलेनियम साठवतात, आणि कॅनडा मिल्कव्हेचमध्ये गुरांना अपायकारक नायट्रो संयुगं असतात. अंगणात ठेवा, पातेल्यात नको.

बी धरायचं तर घरच्याच झाडाचं धरा. फॉरेस्ट प्रिझर्व्हमधून तोडायला बंदी आहे. उभ्या शेंगा काळपट तपकिरी होऊन हिवाळाभर देठावर राहतात, पण फार थांबलात तर सोंडकिडे आधी पोचतात. शेंगा फोडून भोकं पडलेले दाणे फेका, चांगले कागदी पाकिटात वर्ष लिहून ठेवा. माझ्याकडे बी मागायला येणाऱ्याला मी पाकिटाबरोबर सँडपेपरचा तुकडाही देते.