टायर घासतो म्हणून कड वळवताना

रुंद टायर घातलेली किंवा स्प्रिंग बदलून खाली बसवलेली गाडी एकट्याने चालवताना काही जाणवत नाही. मागे तीन माणसं बसली आणि खड्डा आला, की चाकाजवळून खर्र असा आवाज येतो. चाकाच्या कमानीची आत वळलेली कड टायरच्या खांद्याला लागत असते. ती कड दाबून वर, आतल्या बाजूला वळवली की तेवढी जागा मोकळी होते. यालाच फेंडर रोल करणं म्हणतात. अमेरिकेत नि जपानमध्ये गाड्यांचे हौशी लोक हे काम घरच्या घरी करतात, आणि आपल्याकडेही आता त्याची अवजारं घरात येऊ लागली आहेत. माझा त्याला विरोध नाही. पण या कामात रंग उडेल का याची धास्ती सगळ्यांना असते आणि पाणी कुठून शिरेल याचा विचार फारसा कोणी करत नाही. मी रत्नागिरीत राहतो. इथे पाऊस आणि खारी हवा दोन्ही आहे, म्हणून हे लिहिणं मला गरजेचं वाटतं.

माझ्या होंडा सिटीच्या मागच्या कमानी शहरातल्या एका गॅरेजात वळवून घेतल्या होत्या. तिथल्या कारागिराने टायर आणि कड यांच्यामध्ये लोखंडी पाइप घातला आणि दोघांनी गाडी पुढे-मागे ढकलली. पत्रा तापवला नाही, नंतर आतून काही लावलंही नाही. बाहेरून काम नीट दिसत होतं, टायर घासायचाही थांबला. पावसाळा गेला आणि उजव्या कमानीवर रंगाखाली बारीक फोड आले. गावातल्या डेंटरने खाली बसून कडेच्या आत स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवलं, तर ते सरळ आत गेलं. तपकिरी चुरा त्याच्या तळहातावर पडला. तो म्हणाला, "दादा, रंग बाहेरून गेलेला नाही. पाणी आतून आलंय." कमानीचा तो तुकडा कापून नवा पत्रा वेल्ड करावा लागला, आणि रंगासकट तो खर्च चांगलाच महागात पडला.

असं का झालं हे समजायला कमानीची बांधणी पाहायला हवी. पुढचा फेंडर बोल्टने बसवलेला स्वतंत्र पत्रा असतो. बिघडला तर उतरवून दुसरा बसवता येतो. मागची कमान म्हणजे गाडीच्या सांगाड्याचाच भाग. तिथे बाहेरचा पत्रा आणि आतली चाकाची खोळ यांच्या कडा एकमेकींवर ठेवून स्पॉट वेल्डने जोडतात आणि सांध्यात सीलर भरतात. म्हणजे वळवताना आपण दोन पत्रे एकत्र वाकवतो. वाकताना सीलर तुटतो आणि केसाएवढी फट पडते. चाक दर पावसात त्या फटीवर चिखलपाण्याचा मारा करतं. ते पाणी दोन पत्र्यांच्या मधे राहतं आणि गंज आतून सुरू होतो. तो बाहेर दिसतो तेव्हा बराच पत्रा खाऊन झालेला असतो.

म्हणून पहिला प्रश्न हा, की कड वळवायची गरज आहे का? बहुतेक वेळा दोष रिमच्या निवडीत असतो. मूळ रिम ६ इंच रुंद आणि ४५ ऑफसेटची (म्हणजे हबवर टेकणारा तिचा भाग रिमच्या मध्यापासून ४५ मिलिमीटर बाहेरच्या बाजूला) होती, आणि तिच्या जागी ७ इंची, ३८ ऑफसेटची घेतली असं समजू. रुंदी एक इंचाने वाढली म्हणजे बाहेरच्या बाजूला १२.७ मिलिमीटर, आणि ऑफसेट कमी झाला त्याचे आणखी ७. रिमची कड जवळजवळ २० मिलिमीटर बाहेर आली. त्या मानाने टायरच्या उंचीतला फरक किरकोळ असतो. १७५/६५ आर १५ ऐवजी १९५/६० आर १५ घातला, तर व्यास साडेसहा मिलिमीटरच वाढतो. योग्य ऑफसेटची रिम घेतली किंवा हब आणि रिम यांच्यामध्ये घातलेला स्पेसर काढला, तर अनेक गाड्यांना रोलिंग लागतच नाही.

घासतं कुठे हेही आधी नक्की करा. कडेला आतून खडू फासा, मागे माणसं आणि डिकीत सामान भरून एक फेरी मारा, मग टायरवर खडू कुठे उमटला ते पाहा. पुढे तर पुष्कळदा पत्रा निर्दोष असतो. बंपर जिथे फेंडरला जोडतात तिथला स्क्रू किंवा सुटलेलं प्लास्टिकचं अस्तर टायरला लागत असतं.

एवढं करूनही कड वळवायचीच असेल, तर त्यासाठी बनवलेलं रोलर अवजार वापरा. त्याची तबकडी चाकाच्या नटांनी हबवर बसते, त्यातून लांबी आणि कोन बदलता येणारा दांडा निघतो आणि टोकाला कडक प्लास्टिकचं चाक असतं. पाइप, पहार, बॅट यांच्यात दाब किती पडतोय हे हाताला कळत नाही. त्याने कडेऐवजी सगळा पत्राच बाहेर फुगतो.

गाडी सपाट जागी उभी करून बाकीच्या चाकांना ठोकळे लावा, ती जॅक-स्टँडवर ठेवा आणि चाक काढा. नुसत्या जॅकवर टेकलेल्या गाडीखाली हात घालू नका. मग जाड रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक कमानीवरून फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे रंगाखाली पुट्टी आहे, आणि अशी कमान वळवू नका. पुट्टी वाकत नाही, तडकते.

कड आतून धुऊन, वाळवून घ्या. मग हीट गन सतत हलती ठेवत पत्रा ५० ते ६० अंश सेल्सियसपर्यंत तापवा. साध्या इन्फ्रारेड थर्मामीटरने ते मोजता येतं. हीट गनच्या तोंडाशी हवा कित्येक शे अंश तापलेली असते, एका जागी धरली तर रंगाला फोड येतो. ज्या बाजूला पेट्रोलचं झाकण आहे तिथे कमानीमागूनच टाकीची नळी जाते. तिथे पेट्रोलचा किंचितही वास आला तर काम थांबवा, आणि एरवीही गनचा रोख नळीकडे नको. ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर बाजूला बांधून घ्या.

एका फेरीत कड जेमतेम लवली पाहिजे. कमानीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दांडा फिरवायचा, पुन्हा तापवायचं, कोन थोडा वाढवायचा. दर फेरीनंतर उभं राहून पत्र्याची रेघ बाजूने न्याहाळा. रेघ बाहेर येऊ लागली असेल तर दाब जास्त झालाय. मागच्या कमानीवर कड पूर्ण सपाट करण्याच्या मी विरोधात आहे. सुमारे अर्ध्यावर, ४५ अंशांवर थांबलं तरी बहुधा पुरेशी जागा मिळते, आणि कडेमागे ब्रश पोचतो. पूर्ण चेपलेल्या कडेमागे चिखल अडकतो आणि तिथे काही लावताही येत नाही.

कड वळली म्हणजे निम्मं काम झालं. ओल्या फडक्याने आतली बाजू पुसून टॉर्च मारा. बाकीचा भाग वाळल्यावर जी रेघ ओली राहते तिथे भेग आहे. ती कोरडी करून उघड्या पत्र्याला इपॉक्सी प्रायमर लावा, त्यावर ब्रशने सीम सीलर भरा, तो वाळला की रंगाचा हात द्या आणि शेवटी गंजरोधक मेण मारा. हे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये करावं. जूनच्या दमट हवेत ओलावा सीलरखाली कोंडला जातो.

मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. टायर-रिमचं माप बदलण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे विचारून घ्या. कमानीबाहेर आलेला टायर मागच्या दुचाकीवाल्यावर खडी उडवतो, तो धोका वेगळाच.

चाक परत बसवताना नट तिरके-आडवे क्रमाने आणि गाडीच्या पुस्तिकेतल्या टॉर्कने आवळा, होंडा सिटीला तो १०८ न्यूटन-मीटर आहे. शंभरेक किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा तपासा, आणि त्याच वेळी खडू फासून भरल्या गाडीची फेरी परत मारा.