थंडीत गॅरेजचं दार अर्ध्यावरून परत का फिरतं?

प्रश्न : जानेवारीत पहाटे रिमोट दाबला की दार खाली येता येता परत वर जातं. दुपारी मात्र नीट बंद होतं.
– एक वाचक, लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली

उत्तर : दुपारी चालतं, म्हणजे मोटर बहुधा शाबूत आहे. ती बदलायची घाई करू नका. आधी दाराच्या दोन्ही बाजूंना खाली बसवलेले सेन्सर पाहा. दिल्लीच्या धुक्यात त्यांच्या काचेवर दव साचतं, आणि मधे कुणी उभं आहे असं समजून दार मागे फिरतं. कोरड्या मऊ फडक्याने पुसा.

तरीही तेच झालं, तर दार पूर्ण बंद असताना मोटरची सुटका-दोरी ओढा आणि पहाटे दार हातानं उचलून बघा. जड लागलं तर रुळांत जुनं ग्रीस बहुधा घट्ट झालंय. ते पुसून काढा, रुळ कोरडे ठेवा. चाकं-बिजागऱ्यांना सिलिकॉन स्प्रे मारा.

मोटरचा जोर वाढवण्याचा सोपा सल्ला कुणी देईल. कृपया ऐकू नका. मधे मूल आलं तर दार थांबणार नाही. ताणलेल्या स्प्रिंगलाही हात लावू नका, ते काम कारागिराचंच.