रोज चालूनही वजन का उतरत नाही?



पहाटे नेमाने फिरायला जाणारे आपले पुष्कळ सभासद विचारतात, "एवढं चालतो, तरी काटा जागचा हलत नाही. असं का?" हा हिशेब ऊसबिलासारखाच, जमा-खर्चाचा आहे.

सत्तर किलोचा माणूस अर्धा तास भराभर चालला, तर साधारण 120 ते 150 उष्मांक खर्च होतात. साखरेचा सपाट चमचा 5 ग्रॅमचा, म्हणजे 20 उष्मांकांचा. कपाला दोन चमचे धरले, तर चार कप चहात नुसत्या साखरेचेच 160 झाले, दूध वेगळेच. चालण्याची कमाई चहातच बुडाली! गुळाचाही हिशेब जवळजवळ तोच.

दुसरे असे, की पूर्वी मोट-नांगराच्या कामात दिवसभर अंग मोडायचे. आता ट्रॅक्टर आहे, मोटार आहे. पण ताटातल्या भाकरी तेवढ्याच राहिल्या.

साखर कारखान्याच्या पत्रिकेने असे लिहावे का, असे कोणी म्हणेल. पण सभासदाची तब्येत आम्हांला पोत्यापेक्षा मोलाची आहे. सवलतीची साखर घरात आली, म्हणून ती आपणच संपवली पाहिजे असे नाही.

मात्र चालणे सोडू नका. वजन उतरले नाही, तरी रक्तदाब व रक्तातील साखर आटोक्यात राहण्यास त्याची मदत होते. पुरुषाची कंबर 90 आणि स्त्रीची 80 सेंटिमीटरवर गेली असेल, तर मधुमेहाची तपासणी करून घ्यावी. खाणे आवरूनही वजन वाढतच असेल, तर थायरॉईडही तपासावे.

तूर्त कपामागे एक चमचा कमी करू या.