रंगाईचे पाणी आणि व्यापाऱ्याचा हिशेब

आपल्यापैकी अनेक बांधवांच्या दुकानात तामिळनाडूतील तिरुपूरचा होजिअरी माल असतो. मालाचा रंग, वजन आणि शिलाई पाहून आपण भाव ठरवितो. रंगाईनंतरचे पाणी कोठे गेले, हे मात्र विचारीत नाही. म्हणून तिरुपूरची हकीगत समजून घेणे जरूर आहे.

तेथील नोय्यल नदीवर १९९२ साली शेतीसाठी ओरतुपालयम धरण झाले. पण कारखान्यांनी नदीत सोडलेले पाणी त्यात साचत गेले. ते इतके खारट झाले की शेतकऱ्यांनाच ते नकोसे झाले आणि ते कोर्टात गेले. अखेर जानेवारी २०११ मध्ये मद्रास हायकोर्टाने तेथील रंगाई व ब्लीचिंगचे कारखाने बंद करण्याचा हुकूम दिला. सातशेच्या वर कारखाने थांबले, ऑर्डरी अडकल्या, मजुरांची रोजी गेली.

पाण्यात मीठ येते कोठून? सुती कापडावर रिअ‍ॅक्टिव्ह रंग चढविण्यासाठी मीठ घालावे लागते. मीठ रंगाला धाग्याकडे ढकलते, स्वतः धाग्यात राहत नाही. समजा, १०० किलो कापडाला ८०० लिटर पाणी आणि लिटरमागे ६० ग्रॅम मीठ लागले, तर ४८ किलो मीठ बाहेर पडते. धुलाईच्या पाण्याने ते पातळ होते, नाहीसे होत नाही. नदीत सोडण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला २१०० मिलिग्रॅमपर्यंतच चालतात.

शुद्धीकरणाच्या पायऱ्या अशा :

१) सर्व पाणी एका टाकीत गोळा करून एकसारखे व थंड करणे.

२) सोड्यामुळे पाणी अल्कली असते, म्हणून आम्ल घालून ते समतोल करणे.

३) हवा सोडून जीवाणूंकडून सेंद्रिय घाण खाववणे. जरूर तेथे चुना, फेरस सल्फेट घालून रंग खाली बसविणे.

४) वाळूच्या गाळणीतून काढून आर.ओ.च्या पडद्यातून दाबाने पाणी सोडणे. गोड पाणी पुन्हा रंगाईला येते.

५) उरलेले खारे पाणी आटवून मीठ काढणे, किंवा ते स्वच्छ करून पुन्हा रंगाईत वापरणे.

तिसऱ्या पायरीवर थांबणारा कारखाना घाण कमी करतो, मीठ काढीत नाही. पाणी स्वच्छ दिसते, पण जमीन नापीक करते. खाली बसलेला गाळही विषारी असू शकतो. तो उघड्यावर न टाकता परवानाधारक जागीच द्यावा लागतो.

आता खर्चाचा प्रश्न. आटविण्याला इंधन व वीज फार लागते, म्हणून रंगाईचा दर वाढतो. येथे दोष केवळ कारखानदाराचा नाही. किलोमागे दोन रुपये कमी घेणाऱ्याकडे आपणच माल पाठवितो. ते दोन रुपये वाचत नाहीत, खाली राहणाऱ्या शेतकऱ्याच्या विहिरीतून वसूल होतात. पैगंबर (स.) यांनी लोकांच्या वापराचे पाणी घाण करण्यास मनाई केली आहे आणि दुसऱ्याला नुकसान पोहोचविण्यासही. दुसऱ्याचा हक्क मारून आलेला नफा बरकत कशी देईल?

तेव्हा रंगाईला माल देताना तीन गोष्टी विचाराव्यात : प्रदूषण मंडळाची संमती चालू आहे काय? खारे पाणी कोठे जाते? गाळ कोण नेतो? सामाईक शुद्धीकरण केंद्राचा सभासद असेल तर बिले पाहावीत. लहान कारखानदारांनी तर एकत्र येऊनच केंद्र उभारावे. एकट्याला तो खर्च पेलत नाही. उत्तर सरळ मिळाले तर दोन रुपये जास्त द्यावेत. कारखान्याला कुलूप लागले की अडकलेल्या मालाचा तोटा याहून कितीतरी मोठा असतो.