धुराचे वाचन
पर्यावरण-रक्षकाची शिक्षणवाट

रायपूर शहराच्या उत्तरेस उरला हे औद्योगिक क्षेत्र आहे. त्याला लागूनच बिरगावची दाट वस्ती असून थोड्या अंतरावर सिलतरा हे दुसरे औद्योगिक क्षेत्र लागते. छत्तीसगढच्या भूमीत लोहखनिज आणि कोळसा ही दोन्ही द्रव्ये विपुल आहेत. त्यामुळे स्पंज आयर्नचे कारखाने, पोलादाच्या भट्ट्या आणि रोलिंग मिल येथे एकवटल्या. गच्चीवर आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर साचणारी काळी धूळ ही येथील रहिवाशांची जुनी तक्रार आहे. परंतु ज्या चिमण्यांतून ही धूळ बाहेर पडते, त्याच चिमण्यांच्या आधारे असंख्य घरांची चूल पेटते. अशा ठिकाणी वाढलेल्या एखाद्या विद्यार्थ्याने वा विद्यार्थिनीने पर्यावरण-रक्षण हेच आपले जीवितकार्य मानायचे ठरवले, तर त्यांनी नेमके काय शिकावे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. वृक्षारोपण आणि घोषणा यांनी आरंभ होऊ शकेल. परंतु धूळ कोठून व कशी निर्माण होते हे ज्याला ठाऊक नाही, त्याला ती थांबवता येणार नाही.

प्रक्रियेचे ज्ञान

स्पंज आयर्न तयार करताना लोहखनिज व कोळसा एका लांबलचक, सावकाश फिरणाऱ्या भट्टीत सुमारे १,००० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. या उष्णतेत खनिज वितळत नाही. कोळशापासून निर्माण होणारा कार्बन मोनॉक्साइड वायू त्यातील ऑक्सिजन काढून घेतो आणि मागे सच्छिद्र लोखंड उरते. भट्टीतून निघणारे वायू खनिजाची व कोळशाची बारीक धूळ बरोबर घेऊन येतात. ही धूळ पकडण्यासाठी चिमणीपूर्वी एक यंत्र बसवलेले असते. त्यात उच्च दाबाच्या विजेने धूलिकणांना विद्युतभार दिला जातो, कण धातूच्या पट्ट्यांना चिकटतात आणि ठोके देऊन ते खाली पाडले जातात.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. हे यंत्र वीज खाते, त्याची देखभाल करावी लागते. मात्र लोखंड तयार होण्याच्या क्रियेत त्याचा वाटा नाही. ते बंद पडले तरी भट्टीत लोखंड तयार होतच राहू शकते. म्हणून चिमणीकडे पाहणे पुरेसे ठरत नाही. त्या यंत्राने रात्री किती वीज वापरली, हेही तपासावे लागते. रसायनशास्त्राच्या पुस्तकातील क्षपणक्रिया आणि वस्तीतील खोकला यांच्यामधला दुवा अशा तपशिलात सापडतो.

मोजमापाची शिस्त

हवेतील धूळ मोजण्याचे तत्त्व साधे आहे. आधी वजन केलेल्या गाळणकागदातून ठरावीक काळ हवा ओढून घ्यायची, कागदाचे वजन पुन्हा करायचे आणि वाढलेल्या वजनाला हवेच्या घनफळाने भागायचे. परंतु कागदाने ओल धरली, पंपाचा वेग बदलला किंवा उपकरण वाऱ्याच्या उलट बाजूस ठेवले गेले, तर येणारा आकडा फसवा असतो.

भारतात २००९ साली ठरवलेल्या मानकानुसार २.५ मायक्रॉनपर्यंतच्या सूक्ष्म कणांची मर्यादा चोवीस तासांच्या सरासरीसाठी घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आणि वर्षाच्या सरासरीसाठी ४० मायक्रोग्रॅम अशी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये वार्षिक सरासरीसाठी केवळ ५ मायक्रोग्रॅमची शिफारस केली. हे कण माणसाच्या केसाहून कितीतरी बारीक असल्याने फुप्फुसाच्या अगदी आतल्या भागापर्यंत पोचतात. तेव्हा मोजणाऱ्याने डोळेझाक केली, तर तिची किंमत दुसऱ्याच कोणाला श्वासावाटे मोजावी लागते.

लोकांजवळचे ज्ञान

प्रक्रिया समजली आणि मोजमाप जमले, तरी शिक्षण पुरे होत नाही. या संदर्भात पुण्याच्या माधव गाडगीळ यांचा विद्यार्थिदशेपासूनचा प्रवास उद्बोधक आहे. त्यांचा जन्म १९४२ चा. शाळकरी वयात काही वेड्या राघूंच्या शेपटीतील लांब पिसे त्यांना दिसेनाशी झाली. वडिलांच्या सूचनेवरून त्यांनी पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांना पत्राने कारण विचारले, तेव्हा पिसे गळण्याच्या काळात असे घडते, हे उत्तर आले. पुढे फर्ग्युसन महाविद्यालय, मुंबईत प्राणिशास्त्राचा अभ्यास, १९६९ मध्ये हार्वर्डची डॉक्टरेट आणि नंतर मायदेशी परत, असा त्यांचा मार्ग झाला. १९७३ पासून बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था हे त्यांचे कार्यक्षेत्र बनले.

त्याच दशकात कर्नाटकात बांबूची टंचाई निर्माण झाली. बुरुडांनी तिचा दोष कागद गिरण्यांवर ठेवला आणि गाडगीळांकडे या प्रश्नाचा अभ्यास आला. बांबूच्या बेटाच्या बुंध्याशी असलेले काटेरी आवरण साफ केल्याने वाढ चांगली होते, अशी समजूत होती. गावकरी मात्र सांगत की, हे काटेच कोवळ्या कोंबांना गुरांपासून वाचवतात. प्रत्यक्ष पाहणीत गावकऱ्यांचे म्हणणे खरे ठरले. गिरण्यांना बांबू पुरवण्यासाठी गृहीत धरलेले उत्पादनाचे अंदाजही वास्तवापेक्षा फार मोठे असल्याचे दिसून आले. गणितात पारंगत असलेल्या संशोधकाने बुरुडांचे व गुराख्यांचे म्हणणे ऐकून ते रानात जाऊन तपासले, हे या उदाहरणाचे मर्म होय. उरला परिसरातील भट्टीवरचा कामगार किंवा शेताच्या बांधावर उभा असलेला शेतकरी यांच्याकडेही असेच तपासून पाहण्याजोगे ज्ञान असते.

शिक्षणाच्या वाटा

या कार्याकडे एकच पदवी नेते असे नाही. रसायन, वनस्पतिशास्त्र किंवा भूशास्त्र यांतील पदवीनंतर पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करता येते, स्थापत्य वा रासायनिक अभियांत्रिकीतूनही येता येते. रायपूरमध्ये १९६४ साली स्थापन झालेले पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठ आहे. लोहमार्गाने जोडलेल्या नागपुरात १९५८ पासून कार्यरत असलेली आणि १९७४ पासून ‘नीरी’ या नावाने ओळखली जाणारी राष्ट्रीय संशोधन संस्था आहे.

जलप्रदूषणाचा कायदा १९७४ मध्ये व वायुप्रदूषणाचा १९८१ मध्ये झाला. भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला. या कायद्यांची ओळख शास्त्राच्या विद्यार्थ्यासही आवश्यक आहे, कारण प्रदूषण मंडळातील अधिकारी, कारखान्यातील पर्यावरण विभागाचा अभियंता आणि न्यायालयात बाजू मांडणारा वकील यांना अखेर एकाच नोंदवहीवर बोलावे लागते. यांपैकी कारखान्यातील नोकरीत कसोटी सर्वांत कठीण असते. जेथून वेतन मिळते, तेथीलच दोष लिहून ठेवावा लागतो.

वहीपासून आरंभ

या अभ्यासास पदवीची वाट पाहण्याचे कारण नाही. एक वही, एक घड्याळ आणि वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडाची पट्टी एवढे साहित्य पुरेसे आहे. रोज ठरलेल्या वेळी धुराचा रंग, वाऱ्याची दिशा आणि एखाद्या झाडाच्या पानांवर बसलेली धूळ यांची वर्षभर नोंद करावी. हिवाळ्यात रात्री जमीन लवकर थंड होते. तिच्यालगत थंड आणि वर उबदार हवा असा थर जमला की धूर वर जाऊ शकत नाही व पहाटे वस्तीवर तरंगत राहतो. वर्षाअखेरीस वही चाळताना हा फरक विद्यार्थ्यास स्वतःलाच आढळेल. एखाद्या प्रकल्पाची जनसुनावणी जवळपास होणार असेल, तर ती ऐकावी आणि तेथे सांगितले जाणारे आकडे आपल्या वहीशी ताडून पाहावेत. जेथे दोन्ही जुळत नाहीत, तेथे पुढील अभ्यासाचा विषय मिळतो.